जोडी बार मित्स्वा, नोआखचा शब्बाथ: इझ्यूच्या जॉर्जी हाल्पर्नच्या स्मरणासह (प्रकल्प नोंदी)

१८ मे २०२५, रविवार. तारीख

आमच्या सिनेगॉगातल्या एका मुलाचा बार मित्स्वा, म्हणजे तेरा वर्षं झाल्यावर धर्माच्या दृष्टीने प्रौढ होण्याचा विधी; नाझींनी मारलेल्या एका ज्यू मुलाचं स्मरण त्याला जोडायचं. त्यासाठी आधी तारीख. मुलाचा जन्म १८ ऑक्टोबर २०१२, दुपारी दोनचा. हिब्रू तारीख २ हेश्वान ५७७३. हिब्रू दिवस सूर्यास्ताला बदलतो, त्यामुळे नुसता जन्मदाखला पुरत नाही. वेळ हवी, आणि ती हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर मिळते. हाच जन्म संध्याकाळी सातचा असता तर ३ हेश्वान धरावी लागली असती.

तेरा वर्षं पूर्ण होतात २ हेश्वान ५७८६ रोजी. तो दिवस गुरुवार २३ ऑक्टोबरच्या सूर्यास्तापासून शुक्रवार २४च्या सूर्यास्तापर्यंत. तोरावाचन (तोरा म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ) सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथला, होतं. गुरुवारी सकाळी रोश होदेशचं (हिब्रू महिन्याच्या सुरुवातीचं) वाचन आहे, पण तेव्हा मुलगा अजून बाराचाच, म्हणून तो दिवस बाद. सोमवार २७ला मेणबत्ती, माईक, फोटो असं शब्बाथला न चालणारं सगळं चालेल, पण कामाच्या दिवशी माणसं येणार नाहीत. शेवटी तीन तुकडे केले: शब्बाथला सकाळी (२५ ऑक्टोबर) वाचन आणि स्मरण, त्याच रात्री हावदाला (शब्बाथ संपवण्याचा विधी) झाल्यावर मलिदा (गोड पोह्यांचा आभाराचा विधी), आणि सोमवारी सकाळी तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या चामडी पेट्या) आणि फोटो.

२१ला लक्ष्मीपूजन, २२ला पाडवा, २३ला भाऊबीज. म्हणजे केटररपासून प्रिंटिंग प्रेसपर्यंत कुणीच जागेवर नसणार. छपाईचं सगळं काम सप्टेंबरातच उरकायचं.

१ जून, रविवार. साथीदार

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शोआमध्ये, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारात, सुमारे १५ लाख ज्यू मुलं मारली गेली. त्यातल्या ज्याला तेरावं वर्ष गाठता आलं नाही अशा एका मुलाचं किंवा मुलीचं नाव आजच्या बार किंवा बात मित्स्वाशी जोडून घ्यायचं, त्याची माहिती काढायची आणि समारंभात त्याचं स्मरण करायचं; तो ‘साथीदार’. पद्धत जुनी आहे. १९७० आणि ८०च्या दशकांत अमेरिकेतली मुलं सोव्हिएत संघात अडकलेल्या ज्यू मुलांशी अशीच जोडी लावत, कारण तिकडे हा विधी उघडपणे करता येत नसे. शोआतल्या मुलांसाठी आज यरुशलायमची याद वाशेम ही स्मारकसंस्था आणि इतर संस्था हे काम करतात. हवं तर साथीदार त्या सुचवतात, नाहीतर याद वाशेमच्या नावांच्या डेटाबेसमधून आपण शोधायचा.

डेटाबेस २००४पासून इंटरनेटवर खुला आहे. त्यातल्या नोंदी मुख्यतः दोन जातीच्या. एक म्हणजे साक्षीपत्रं: नातेवाइकाने किंवा ओळखीच्याने पुढे कधीतरी भरलेला एकपानी अर्ज. दुसरी म्हणजे त्या काळातल्या याद्या: हद्दपारीच्या गाड्या, छावण्या, घेट्टोची जनगणना. साक्षीपत्रात माया असते आणि तारखा सैल असतात. जन्मसाल एक-दोन वर्षांनी इकडेतिकडे होतं. यादीत तारीख पक्की असते, पण स्पेलिंग कारकुनाच्या मर्जीचं. एकाच मुलाच्या चार-पाच नोंदी सहज सापडतात आणि नवखा माणूस ती चार मुलं समजतो. शोधताना आडनाव उच्चारसाधर्म्याने शोधायचं, पहिलं नाव मोकळं ठेवायचं आणि गाळणी जन्मगावाची लावायची. जन्मगाव आणि युद्धकाळातलं राहण्याचं ठिकाण हे दोन वेगळे रकाने आहेत. घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

आमच्या अटी तीन होत्या: मृत्यूसमयी वय तेराच्या आत, जन्मतारीख पूर्ण आणि किमान दोन स्वतंत्र कागद. गटातल्या काहींचं म्हणणं, ज्याच्यासाठी कद्दीश (मृतासाठी मागे उरलेल्यांनी म्हणायची प्रार्थना) म्हणणारं मागे कुणीच उरलं नाही असंच अनाम मूल घ्यावं. मुद्दा बिनतोड आहे. पण तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात नुसतं नाव आणि साल दिलं, तर उरलेली जागा तो कल्पनेने भरतो. पहिल्यांदाच हा उपक्रम करणाऱ्यांनी कागद भरपूर असलेलं मूल घ्यावं, हे आमचं मत कायम राहिलं.

निवड: जॉर्जी हाल्पर्न. जन्म व्हिएन्ना, ३० ऑक्टोबर १९३५. ती तारीख ३ हेश्वान ५६९६. यंदा ३ हेश्वान बरोबर शनिवार २५ ऑक्टोबरला येते, म्हणजे वाचनाचा दिवस हाच त्याचा हिब्रू वाढदिवस. तेराव्या वर्षाची ३ हेश्वान शुक्रवार ५ नोव्हेंबर १९४८ला होती, आणि दुसऱ्या दिवशीच्या शब्बाथची पराशा (आठवड्याचा तोरापाठ) होती नोआख, जलप्रलयाच्या गोष्टीची; यंदा २५ ऑक्टोबरलाही तीच. जगला असता तर त्याने हेच वाचलं असतं. इतका जुळता योग शोधून मिळत नाही, आणि मुद्दाम शोधतही बसू नये. जन्मगाव किंवा वय एवढं जुळलं तरी पुष्कळ.

१५ जून, रविवार. पडताळणी

जॉर्जीचे आईवडील यूलियुस आणि सेराफीन. १९३८ साली ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला गेल्यावर कुटुंब फ्रान्समध्ये आलं. युद्धात मुलगा आईवडिलांपासून दूर, ज्यू मुलांसाठी चालवलेल्या बालगृहांत वाढला. शेवटचं घर इझ्यूचं. हे गाव एं जिल्ह्यात, बेलेपासून जवळ, रोन नदीच्या वरच्या डोंगरउतारावर. साबिन आणि मिरों झ्लातिन या जोडप्याने १९४३च्या वसंतात तिथे बालगृह उघडलं. तेव्हा तो भाग इटलीच्या ताब्यात होता आणि इटालियन सैन्य ज्यूंना पकडून देत नव्हतं. सप्टेंबरात इटलीने शस्त्रं ठेवली आणि जर्मन आले. घरातच शाळेचा वर्ग होता आणि शिक्षिका सरकारने नेमलेली होती. जॉर्जी आईवडिलांना पत्रं लिही, चित्रं काढून पाठवी. ती टिकली, कारण ती ज्यांच्या नावे गेली ते दोघे वाचले आणि पुढे हैफात राहिले.

६ एप्रिल १९४४, गुरुवारी सकाळी न्याहारीच्या वेळी ल्योंच्या गेस्टापोने (नाझी गुप्त पोलिसांनी) घरावर छापा घातला. ४४ मुलं आणि ७ मोठी माणसं पकडली. एक तरुण खिडकीतून उडी टाकून निसटला. साबिन त्या दिवशी मोंपेलिएला गेलेली होती. मुलांना आधी ल्योंच्या माँल्युक तुरुंगात आणि तिथून पॅरिसजवळच्या द्रांसी छावणीत नेलं. १३ एप्रिलला गाडी क्रमांक ७१ निघाली; जॉर्जी तिच्यात होता. १५ एप्रिलच्या रात्री गाडी आउश्वित्झच्या मृत्युछावणीला पोहोचली. तो साडेआठ वर्षांचाही नव्हता.

दोन आकड्यांपाशी थांबावं लागलं. ६ एप्रिलच्या संध्याकाळी ल्योंच्या गेस्टापोच्या क्लाउस बार्बीने पॅरिसला पाठवलेल्या तारेत ‘३ ते १३ वर्षांची ४१ मुलं’ असं आहे. प्रत्यक्षात मुलं ४४, वयं ४ ते १७. मोठी मुलं त्याने मुलांत मोजली नाहीत. जुन्या लेखांत ४१ आणि ४४ दोन्ही आढळतात ते यामुळे. हीच तार १९८७ साली ल्योंच्या खटल्यात बार्बीविरुद्ध पुरावा ठरली आणि ४ जुलै १९८७ रोजी त्याला जन्मठेप झाली. पाहुण्यांना द्यायच्या स्मरणकार्डावर ४४ हाच आकडा जाईल.

दुसरं, ‘सगळे आउश्वित्झमध्ये मारले गेले’ हे वाक्य चूक आहे. ४२ मुलं तिथे मारली गेली. दोन मोठी मुलं आणि मिरों झ्लातिन यांना एस्टोनियात, तेव्हाच्या रेवालमध्ये (आजचं टालिन), गोळ्या घातल्या. पकडलेल्यांपैकी लेआ फेल्डब्लूम ही एकटी जिवंत परतली.

हद्दपारीच्या यादीत नाव असलं म्हणजे मृत्यू झालाच असंही नाही. गाडी ७१मध्ये सुमारे १,५०० माणसं होती आणि त्यांतच सोळा वर्षांची सिमोन जाकोब होती, जी पुढे सिमोन वेल या नावाने फ्रान्सची आरोग्यमंत्री झाली. यादीवरून साथीदार घेणाऱ्याने परत आलेल्यांची नावं आधी तपासावी. जिवंत माणसाच्या नावाने दिवा लावल्याची उदाहरणं आहेत.

६ जुलै, रविवार. पाठ

नोआखची पराशा म्हणजे उत्पत्ती ६:९ ते ११:३२, एकूण १५३ ओव्या. सगळी मुलाच्या गळ्यात मारण्यात अर्थ नाही. पाचवा भाग ९:८ ते १७ (इंद्रधनुष्याचा करार, दहा ओव्या) आणि हाफतारा (तोरानंतर वाचायचा संदेष्ट्यांच्या ग्रंथातला उतारा) यशया ५४:१ ते १० एवढं त्याचं. अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) प्रथेत हाच हाफतारा ५५:५ पर्यंत जातो. इंटरनेटवरची बहुतेक रेकॉर्डिंग त्यांचीच असतात. चालही वेगळी. चुकीची चाल एकदा कानात बसली की निघत नाही, म्हणून सरावाला फक्त आमच्या हझानांनी (प्रार्थना म्हणणाऱ्यांनी) म्हटलेलं रेकॉर्डिंग.

सेफेर तोरात (तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत) स्वरचिन्हं नसतात, विराम नसतात. सराव दुहेरी स्तंभाच्या पुस्तकातून: उजवीकडे स्वरांसह, डावीकडे गुंडाळीतल्यासारखं उघडं. आठवड्याला एकच ओवी, पण उघड्या स्तंभातून न अडखळता आल्याशिवाय पुढची नाही. ऑगस्टअखेरपासून पूर्ण दहा रोज एकदा. या दहा ओव्यांत ‘ब्रीत’ (करार) हा शब्द सात वेळा येतो आणि वाक्यं एकमेकांसारखी आहेत; मुलं १२वरून थेट १७वर उडी मारतात. ओवी १२, १५ आणि १७ यांच्या सुरुवाती वेगळ्या सुट्या पाठ करून घेतल्या की हे टळतं.

दुसरी अडचण उंचीची. आमचा सेफेर लाकडी पेटीतला, तेब्यावर (वाचनाच्या चौथऱ्यावर) उभा ठेवूनच वाचायचा. मुलगा १४२ सेंटिमीटर. वरच्या ओळी त्याच्या नजरेच्या वर जातात, मान मागे टाकावी लागते आणि आवाज घशात अडकतो. दोन पाट एकावर एक ठेवून पाहिले, घसरतात. शेवटी सुताराकडून पायरी: १८ मिलिमीटर प्लाय, ६० बाय ४५, उंची १५ सेंटिमीटर, खाली चार रबरी बूच, वर काथ्याचा तुकडा. कडेला दोन सेंटिमीटरची पट्टी, पाय मागे गेला तर अंगठ्याला कळावं म्हणून. तिच्यावर उभं राहूनच पुढचा सगळा सराव.

२७ जुलै, रविवार. भाषण

पाच मिनिटं. तेरा वर्षांचं मूल मिनिटाला ११० शब्दांच्या आसपास बोलतं, म्हणजे ५५० शब्द. शब्बाथला माईक नाही, पंख्याचा आवाज आहे, त्यामुळे ५०० वरच थांबायचं. भाषा मराठी, आज्यांना आणि शेजाऱ्यांना कळायला हवं.

पहिल्या मसुद्यात जवळजवळ प्रत्येक मूल करतं ती गोष्ट इथेही आली: जलप्रलय म्हणजे शोआ, तारू (नोआखची नौका) म्हणजे इझ्यूचं घर, धनुष्य म्हणजे इस्राएल. ऐकायला छान आणि अर्थाने भयंकर. तोरा स्पष्ट सांगते की पृथ्वी जुलुमाने भरली म्हणून पाणी आलं. ही तुलना केली की बुडणाऱ्यांच्या, म्हणजे दोषींच्या, जागी आठ वर्षांचा पोर जाऊन बसतो. तो सगळा भाग काढला. त्याऐवजी ९:५-६ घेतलं: माणसाच्या रक्ताचा हिशोब माणसाकडून मागितला जाईल. हे मुलाच्या दहा ओव्यांच्या जरा आधी येतं, आणि पराशात या विषयाशी प्रामाणिकपणे जोडता येईल असं तेवढंच आहे. ल्योंचा १९८७चा खटला तिथे दोन वाक्यांत बसतो. त्रेचाळीस वर्षांनी का होईना, हिशोब मागितला गेला.

आणखी दोन नियम. साथीदाराच्या तोंडून ‘मी’ म्हणून बोलायचं नाही. त्याची पत्रं आहेत, त्याला आवाज उसना द्यायची गरज नाही. आणि ‘मी आता दोघांसाठी जगेन’ हे वाक्य कुणी कितीही टाळ्या वाजवल्या तरी नको. तेरा वर्षांच्या मुलावर मेलेल्याचं आयुष्य लादणं हा स्मरणाचा भाग नव्हे. पालकांना हे पटवायला मुलापेक्षा जास्त वेळ लागतो.

कोलंबिया यानाची गोष्ट भाषणात घालायचा आग्रह झाला. बेर्गेन-बेल्सनच्या छळछावणीत १९४४ साली रब्बी सिमोन दासबेर्ग यांनी एका तळहाताएवढ्या तोरावरून योआखिम योसेफ या मुलाचा बार मित्स्वा पहाटे चोरून केला. ती गुंडाळी २००३ साली इस्राएली अंतराळवीर इलान रामोन अवकाशात घेऊन गेले आणि त्याच यानात कल्पना चावला होत्या. इथल्या पाहुण्यांना ही गोष्ट लगेच जवळची वाटेल. पण ती दुसऱ्या मुलाची आहे. बाहेरच्या फलकावर जाईल, भाषणात नाही.

३ ऑगस्ट. तिशा ब’आवचा (यरुशलायमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा) उपास. काम नाही.

१७ ऑगस्ट, रविवार. स्मरण कुठे, किती, कुणी

*रिकामी खुर्ची.* इतर देशांत पुष्कळ ठिकाणी करतात: तेब्याशेजारी खुर्ची, तिच्यावर तल्लित (प्रार्थनेची शाल). आम्ही नाही करणार. सिनेगॉगात एलिया संदेष्ट्याची खुर्ची आधीच आहे, सुंतेच्या वेळी वापरतात ती. दुसरी रिकामी खुर्ची ठेवली की म्हातारी माणसं तिलाच हात लावून नमस्कार करणार. आणि मोठ्या माणसाचा तल्लित खुर्चीवर पसरला की दफनाची आठवण होते.

*४४ मेणबत्त्या.* प्रस्ताव नाकारला. शब्बाथला पेटवता येत नाहीत, शुक्रवारी पेटवल्या तर सकाळपर्यंत टिकत नाहीत, आणि लाकडी माळ्याखाली ४४ ज्योती रात्रभर ठेवायला शमाश (सिनेगॉगाचा सेवेकरी) तयार नाही. तो बरोबर आहे. एकच दिवा.

*हश्काबा.* साथीदार व्हिएन्नाचा, म्हणजे त्याच्या घरी ‘एल माले राहामीम’ म्हटलं गेलं असतं. आमच्याकडे हश्काबा; दोन्ही मृतांसाठीच्या प्रार्थना. चर्चा झाली, निर्णय असा की ज्या मंडळीत नाव घेतलं जातं तिची रीत. मुलाच्या वाचनानंतर लगेच, सेफेर उघडा असतानाच, लहानासाठीचा छोटा पाठ. हिब्रू नाव कागदांत नसेल तर रोजचं नाव चालतं: जॉर्ज (म्हणजे जॉर्जी) बेन यूलियुस, यूलियुसचा मुलगा. अंदाजाने एखादं हिब्रू नाव बसवून द्यायचं नाही, ते पुढच्या माणसाच्या हाती खरं म्हणून जातं.

*कद्दीश.* इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मुलाचे आईवडील हयात आहेत. अशा माणसाने शोकाचा कद्दीश म्हणू नये अशी रीत पक्की आहे आणि घरच्या आजीला ते अशुभ वाटतं. परदेशातून आलेल्या सूचनापत्रकांत ‘मुलाने कद्दीश म्हणावा’ असं सरसकट लिहिलेलं असतं, ते डोळे झाकून उचलू नये. आमच्याकडे ज्यांचे आईवडील दोघेही गेले आहेत असे एक ज्येष्ठ सभासद शेवटच्या कद्दीशला या नावाने उभे राहतील. मुलगा शेजारी उभा राहून ‘आमेन’ म्हणेल.

*क्रम.* हाफतारा संपला की बायका वरून गोळ्या-बदाम फेकतात. हश्काबा पाचव्या भागानंतर ठेवल्याने दोहोंत दोन भाग, माफतीर (तोरावाचनाचा शेवटचा छोटा भाग) आणि हाफतारा एवढं अंतर पडतं. उलट केलं तर गोळ्या वेचणाऱ्या पोरांच्या गलक्यात मृताचं नाव घ्यावं लागतं. स्मरणाचा एकूण वेळ सहा ते सात मिनिटं. समारंभ बार मित्स्वाचा आहे.

मलिद्यात हे नाव घ्यायचं का? नाही. मलिदा आभाराचा.

७ सप्टेंबर, रविवार. दिव्याची चाचणी

बाजारात मिळणारी चोवीस तासांची स्मरणमेणबत्ती पुरत नाही. शुक्रवारी ५:४०ला पेटवायची, शब्बाथ शनिवारी साडेसहाच्या पुढे संपणार, म्हणजे पंचवीस तास लागतात. एकदा शब्बाथ लागला की तेल घालणं, वात सारखी करणं, दिवा हलवणं, काहीच चालत नाही. सिनेगॉगात टांगलेल्या काचेच्या दिव्यांसारखाच तेलाचा दिवा घेतला.

ग्लास ३०० मिलिलिटरचा, जाड तळाचा. खाली ८० मिलि पाणी, वर तेल, त्यावर बुचाची तरंगती वात. तेल संपलं की वात पाण्याला टेकून विझते आणि काच तडकत नाही, पाणी त्यासाठी. १२० मिलि तेल पंख्याखाली बावीस तास चाललं, १५० मिलि सत्तावीस. वात बुचाच्या वर चार मिलिमीटर. सहा ठेवली की काजळी धरते आणि तेल जास्त पितं.

आधी नेहमीप्रमाणे खोबरेल वापरलं. हॉलचा एसी बावीसवर होता. रात्री तेल कडेने थिजलं, वातीभोवती खळगा पडला आणि ज्योत बुडाली. खोबरेल चोविसाच्या आसपास गोठतं. तिळाचं तेल घेतलं, प्रश्न मिटला. दिवा पंख्याच्या रेषेत नको, पडद्यापासून हातभर दूर, खाली वाळू पसरलेली स्टीलची परात.

१४ सप्टेंबर, रविवार. छपाई

कार्ड १०० प्रती, पोस्टकार्ड आकार, २५० जीएसएम मॅट. एका बाजूला नाव हिब्रू, रोमन आणि देवनागरीत, जन्म आणि मृत्यूची ठिकाणं, दोन्ही तारखा. दुसऱ्या बाजूला मराठीत ऐंशी शब्द. देवाचं नाव हिब्रूत पूर्ण छापायचं नाही. छापलं की ते कार्ड कचऱ्यात टाकता येत नाही, गेनिझात (जुन्या पवित्र कागदांच्या साठ्यात) ठेवावं लागतं, आणि पाहुणे ते पाळणार नाहीत.

फोटो ज्या संस्थेच्या संग्रहातला आहे तिची लेखी परवानगी, श्रेयासह. ती यायला आठवडे लागतात. दहा बाय पंधरा सेंटिमीटरला किमान ११८१ बाय १७७२ पिक्सेल लागतात. इंटरनेटवरून उतरवलेलं चित्र त्याच्या निम्मंही नसतं आणि छापल्यावर चेहरा पिठासारखा दिसतो. फोटो प्रार्थनेच्या खोलीत नाही, प्रार्थना करणाऱ्यासमोर चेहरा नको. बाहेरच्या ओसरीतल्या फलकावर.

फलकावर नाझी झेंडा किंवा गणवेश असलेलं एकही चित्र नाही. आठवडाभर आधी प्रत्येक दारापुढे स्वस्तिकाची रांगोळी असणार. शेजारच्या लहान मुलांना हा फरक समजावण्याची ती जागा नव्हे. इझ्यूच्या घराचं चित्र, फ्रान्सचा नकाशा, आणि व्हिएन्ना ते आउश्वित्झ असा प्रवास रेषेने.

१९ ऑक्टोबर, रविवार. तालीम

मिनयानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या किमान संख्येला, दहा प्रौढ पुरुष लागतात. त्या दिवशी मुलगा स्वतः दहावा धरता येतो, पण त्याच्यावर विसंबायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीत अर्धी मंडळी अलिबाग-रेवदंड्याला गेलेली. अठरा जणांना फोन केले, तेरा पक्के. मिनयान नसेल तर वाचन नाही, कद्दीश नाही, सगळंच राहतं. दोन म्हाताऱ्यांसाठी जवळच मुक्कामाची सोय, शब्बाथला त्यांना गाडीने येता येणार नाही.

तालमीत सेफेर वापरला नाही, पुस्तक वापरलं. पायरी तेब्याशी दोन सेंटिमीटर फट ठेवून लावली. भाषण पंख्यांसह चार मिनिटं पन्नास सेकंद. वाक्याच्या शेवटी आवाज पडतो. शेवटचे दोन शब्द मागच्या भिंतीला ऐकवायचे, एवढी एकच सूचना.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. मांडणी

सकाळी हझानांनी सेफेर पाचव्या भागाशी लावून पाहिला, मग पहिल्या भागाशी परत आणला. कार्डं, फलक, पायरी, भाषणाचा कागद, गोळ्यांची पिशवी, सगळं दुपारी चारच्या आत सिनेगॉगात. शब्बाथला रस्त्यावरून काही वाहून न्यायचं नाही, त्यामुळे घरी राहिलं ते राहिलं. अभिप्रायवही आणि पेनं कपाटात, हावदालानंतर बाहेर.

सूर्यास्त सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. दिवा ५:४०ला लावला. एसी बंद, दोन पंखे चालू, दिव्यावरचा तिसरा बंद करून स्विचवर चिकटपट्टी.

२६ ऑक्टोबर, रविवार. कालची नोंद

मिनयान बाराचं. मुलाची ओवी १५ला एक अक्षर चुकलं, हझानांनी जागीच दुरुस्त केलं, त्याने शब्द परत घेतला. तोरावाचनात असंच करायचं असतं. हश्काबा दोन मिनिटं. कद्दीशच्या वेळी पाहुण्यांपैकी काही जण ‘आमेन’ला टाळ्या वाजवू लागले, शमाशने हात वर केला. पुढच्या वेळी कार्डाच्या मराठी बाजूला ‘कृपया टाळ्या नकोत’ ही ओळ हवी.

दिवा रात्री साडेआठनंतर विझला.

मलिदा ऐंशी जणांना: पातळ पोहे ३ किलो, नारळ ९, साखर दीड किलो, वेलची ३० ग्रॅम, बदाम-पिस्ते अर्धा किलो, पाच फळं. शब्बाथ संपेपर्यंत काही करता येत नाही, म्हणून खोबरं शुक्रवारीच खवून फ्रीजमध्ये. पोहे मात्र हावदालानंतरच भिजवायचे. आधी भिजवलेले गोळा होतात. साखर जास्त झाली, सव्वा किलो पुरेल.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी तेफिलीन, मग फोटो. मुलाच्या दानपेटीतले पैसे अठराच्या पटीत, १,८०० रुपये, आणि त्यातून पालिकेच्या शाळेतल्या चित्रकलेच्या वर्गाला वह्या आणि रंगपेट्या. वहीवर साथीदाराचं नाव छापायचं नाही असं ठरलं होतं, तसंच केलं.

पुढचं: गाडी रात्री पोहोचली, म्हणून पुण्यतिथी १५ एप्रिल १९४४ची दिवसाची तारीख न धरता २३ निसान धरली. ती यंदाच्या हिब्रू वर्षात गुरुवार ९ एप्रिल २०२६च्या सूर्यास्ताला लागते. त्या संध्याकाळी दिवा लावायचा. निसानमध्ये हश्काबा म्हणत नाहीत, तेव्हा फक्त मिश्ना या प्राचीन धर्मग्रंथाचा एक अध्याय आणि कद्दीश. ज्यांच्या साथीदाराची मृत्यूतिथी कागदांत सापडत नाही त्यांनी १० तेवेत (हिब्रू महिना तेवेतची दहावी) धरावी. इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने सार्वजनिक कद्दीशसाठी तोच दिवस ठरवून दिला आहे.

बात मित्स्वासाठी (मुलींचा हाच विधी, बाराव्या वर्षी) एका घरून विचारणा आली आहे. मुलीचा जन्म अदार या हिब्रू महिन्यातला, ५७७५चा, बारा वर्षं ५७८७ला. ते वर्ष अधिक महिन्याचं आहे, म्हणून तारीख दुसऱ्या अदारमध्ये धरायची. साथीदार मुलगी निवडताना तिच्या जन्मवर्षात अदार एक होता की दोन, ते आधी पाहावं.